टायनी टीव्ही, लोडशेडिंग अन् आईची अंगणवाडी

दारव्ह्याकडचं आमचं गाव, २००६-०७ च्या आसपासची गोष्ट. आई अंगणवाडी सेविका. अंगणवाडी भरायची सकाळी, अन् नेमका त्याच वेळी केबलवर लागायचा टायनी टीव्ही, म्हणजे लहान पोरांच्या कार्टूनचा सकाळचा पट्टा, मग पोट्टे येतील कशाले? मदतनीस मावशी घरोघरी जाऊन एकेकाला ओढून आणायची, त्यातले दोन-चार तर रडत रडत यायचे की ओस्वाल पाहू दे म्हणून. ओस्वाल म्हणजे ओसवाल्ड, तो निळा ऑक्टोपस, डोक्यावर टोपी, सोबत वीनी नावाची कुत्री अन् शेजारी हेन्री पेंग्विन. आमच्या आबाजीला तर हे काही कळेचना, ते विचारायचे, "कोन्ता ओसवाल बे? कापडवाला काय?"

तेव्हा वाटायचं आपल्या केबलवाल्यानंच सकाळी लहान पोरांचं काहीतरी लावून ठेवलं असंल. नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की ही सकाळची वेळ लय जुनी अन् लय विचार करून ठरलेली आहे. अमेरिकेत ओहायोमधल्या कोलंबस शहरात १ डिसेंबर १९७७ ला क्यूब नावाच्या केबल सिस्टीमवर पिनव्हील नावाचा फक्त लहान पोरांचा चॅनल सुरू झाला, त्याचंच १ एप्रिल १९७९ ला निकलोडियन झालं. पण अडचण अशी की तीन वर्षाचं पोट्टं जे पाहतं ते दहा वर्षाचं पाहत नाही, तोंड वाकडं करतं. मग तोडगा काय, तर मोठे शाळेत गेले की चॅनल लहान्यांचा, मोठे घरी आले की मोठ्यांचा. ४ जानेवारी १९८८ ला निक ज्युनियर या नावानं तो सकाळचा पट्टा सुरू झाला, १९९७ मध्ये डिस्नेनं तसाच प्लेहाऊस डिस्ने काढला. आपला ओसवाल्ड पण मुळात २००१ चा निक ज्युनियरचाच, आपल्याकडं मात्र टर्नर कंपनीच्या कार्टून नेटवर्क-पोगोवर टायनी टीव्हीत आला.

एकाच चॅनलमध्ये दोन भाडेकरू ठेवायची पद्धत आपल्याला नवीन नव्हती म्हणा. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं तेव्हा दिवसा कार्टून अन् रात्री त्याच नंबरवर टीएनटी नावाच्या दुसऱ्या चॅनलचे इंग्रजी पिक्चर लागायचे, म्हणजे पोट्टे झोपले की गोरे सायब हजर.

तर अमेरिकेतला हिशोब आमच्या गावातही बरोबर लागू पडायचा, फक्त कारणं वेगळी. मोठे जिल्हा परिषदेच्या शाळेत, म्हणून रिमोट मोकळा. आई-बाप कापूस वेचायला नाहीतर निंदायला वावरात, घरी आजी अन् लहान पोट्टं. आजीला ना हिंदी समजे ना पेंग्विन, ती वाती वळत बसायची. पण त्या अमेरिकावाल्यांनी एक गोष्ट धरलीच नव्हती, ती म्हणजे आमचं लोडशेडिंग. एक आठवडा सकाळी लाईन जायची, दुसऱ्या आठवड्यात दुपारी, अन् ज्या आठवड्यात सकाळची पाळी त्या आठवड्यात आईचा हजेरीपट फुल्ल. खरं सांगतो, गावात लाईन गेल्यावर खूश होणारी आमची आई एकटीच होती.

आईचा टीव्हीवर राग होता असं मात्र नाही. १५ ऑगस्ट २००६ ला गली गली सिम सिम सुरू झालं, म्हणजे लहान पोरांच्या १९६९ च्या अमेरिकन सेसमी स्ट्रीट कार्यक्रमाचा आपल्याकडचा अवतार, त्यातली शाळेच्या ड्रेसमधली चमकी बाहुली तिला लय आवडायची, एक पोरगी टीव्हीवर शाळेत जाऊन राहिली हेच तिला पुरे. कार्टूनमधल्या डोराला मात्र ती हसायची, ते पोरीचं प्रश्न विचारून गप्प उभं राहणं, डोळे मिचकावत. तिला वाटे टीव्ही बिघडला.

ते गप्प राहणं मुद्दाम असतं हे मला पुढं समजलं. १९९६ मध्ये निक ज्युनियरवर ब्लूज क्लूज नावाचा कार्यक्रम आला, त्यात तो सादर करणारा स्टीव्ह प्रश्न विचारून थांबायचा म्हणजे पोराला उत्तर द्यायला वेळ मिळावा. अन् एकच भाग सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस दाखवायचे, कारण लहान्यांना परत परत पाहिल्यानं जास्त समजतं, पहिल्या दिवशी नुसते पाहतात अन् शेवटी शेवटी ओरडून उत्तरं देतात. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणे, मंग मी तीस वर्ष काय करून राहिली होती? तेच बडबडगीत रोज अन् विचारून थांबायचं, पोट्टं बोलेपर्यंत. तिला पगार नाही, मानधन मिळायचं, हे पण तिनं लगेच जोडलं.

पुढं पट्टे जाऊन अख्खे चॅनलच आले, अमेरिकेत २००९ मध्ये नॉगिन नावाचा चॅनल बंद करून निक ज्युनियरचा चोवीस तासाचा चॅनल झाला, २०११ मध्ये प्लेहाऊसचं डिस्ने ज्युनियर. आपल्याकडं सेट-टॉप बॉक्स आले अन् २०१९ पासून चॅनल निवडून पैसे भरायची भानगड सुरू झाली, त्यात लहान पोरांचे चॅनल आमच्या गावात किती जणांनी घेतले असतील देव जाणे. सिरियल अन् क्रिकेटपुढं कोण विचारतो त्यांना.

मला मात्र तो एक दिवस आठवते. सकाळपासून लाईन नव्हती, पोट्टे खिचडी खाऊन अंगणवाडीच्या ओट्यावर, अन् बाराच्या सुमारास समोरच्या घरातला टीव्ही एकदम सुरू झाला. सगळे ताटं टाकून पळाले. तिथं मोठ्यांचं मारामारीचं कार्टून चालू. एक लहानी परत आली, तोंड पाडून, आईला म्हणे, "ओस्वाल गेला काय व बाई?"

आई ताटं उचलत होती. म्हणे, "गेला, दुकान उघडाले."