एका अनुस्वारावर उभी असलेली कादंबरी : कामाची सहावी नोंद

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की कादंबरी अठराव्या प्रकरणापाशी अडली आहे. या महिन्यात ती पुढे सरकली नाही. उलट लिहून झालेल्या 58,000 शब्दांपैकी सुमारे 11,000 शब्द मी काढून टाकले आणि तेरावे प्रकरण मुळापासून पुन्हा लिहिले. तरीही कामाला लागल्यापासूनचा सर्वांत समाधानाचा महिना हाच, कारण प्रेमकथा आणि रहस्य हे दोन धागे आजवर शेजारी शेजारी चालत होते, ते या महिन्यात एकमेकांत विणले गेले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी कथेची मांडणी थोडक्यात सांगते. शर्वरीचा साताऱ्यात राजवाड्याजवळ लहानसा टॅटू स्टुडिओ आहे. यशवंत हा मराठा लाइट इन्फंट्रीत 17 वर्षे नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनवर आलेला माणूस असून तो पहाटे गावातील मुलांना सैन्यभरतीसाठी पळवतो. त्याच्या पलटणीतला मित्र सुभाष निवृत्तीनंतर वर्षभरातच नाहीसा होतो. पुढे बामणोलीजवळ शिवसागर जलाशयात एक मृतदेह सापडतो आणि हाताच्या आतल्या बाजूला गोंदलेल्या ‘शांता’ या आईच्या नावावरून तो सुभाषचाच आहे असे घरचे ओळखतात. ते नाव शर्वरीने गोंदलेले होते. कथेचा काळ 2023 सालचा आहे.

काढलेले शब्द कोणते होते, ते आधी सांगायला हवे. यवतेश्वरच्या घाटात पावसातला पाठलाग, कासच्या रस्त्यावर बंद पडलेली जीप, रात्री स्टुडिओची काच फुटणे, असे तीन मोठे प्रसंग मी फार मेहनतीने लिहिले होते आणि ते वाचनीयही होते. पण त्यांतली नायिका शिक्षिका असती किंवा बँकेत नोकरीला असती, तरी एका ओळीचाही फरक पडला नसता. शर्वरीचा व्यवसाय सजावटीपुरता उरला होता, आणि यशवंतची फौजी पार्श्वभूमी केवळ मारामारीत जिंकण्यासाठी वापरली जात होती. आपल्या प्रकारच्या लेखनात हा दोष वारंवार दिसतो. निवृत्त सैनिक म्हटले की रुंद खांदे, अबोल स्वभाव आणि रात्रीची दुःस्वप्ने एवढ्या सामग्रीवर लेखक निघतो, आणि टॅटू कलावंत म्हटले की बंडखोर मुलगी. मीही तशीच निघाले होते, म्हणून ते प्रसंग काढताना हळहळ वाटली तरी मी थांबले नाही.

त्यानंतर कोल्हापुरातील एका टॅटू कलावंताने मला सलग तीन दुपार स्टुडिओत बसू दिले. तिथे पाहिलेल्या गोष्टींतून कादंबरीचे रहस्यच बदलले.

सुई त्वचेत साधारण एक ते दोन मिलिमीटर जाते आणि शाई वरच्या थरात न राहता त्याखालच्या थरात बसते. वरचा थर सतत झडून नवा येत असतो, म्हणून उथळ गेलेली शाई त्याच्याबरोबर निघून जाते. फार खोल गेली तर ती पसरते आणि रेषेभोवती निळसर छाया दिसू लागते. टिंब हा सर्वांत साधा आकार वाटतो, पण त्यावर सुई क्षणभरच टेकत असल्याने तो उथळ राहण्याची शक्यता असते. देवनागरी अक्षरे गोंदताना ही अडचण फार जाणवते, कारण आपल्या लिपीत टिंबावर अर्थ अवलंबून असतो. अनुस्वार पुसट झाला की ‘शांता’ची ‘शाता’ होते. जखम भरून आल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, ग्राहकाला पुन्हा बोलावून अशा जागा भरून घेतात आणि याला सगळेच ‘टच-अप’ म्हणतात.

हे ऐकत असतानाच कथेतील मुख्य पुरावा मला सापडला. सुभाषच्या हातावर पहिल्या दिवशी शर्वरीने अनुस्वार बरोबर कान्याच्या डोक्यावर दिला होता. तो भरून येताना पुसट झाला, म्हणून दुसऱ्या बैठकीत तिने तो किंचित उजवीकडे आणि जरा मोठा काढला. स्टुडिओच्या पानावर तिने टाकलेले छायाचित्र मात्र पहिल्या दिवसाचे होते. पाण्यात काही दिवस राहिलेल्या देहाची वरची त्वचा सुटू लागते, पण शाई खालच्या थरात असल्याने गोंदण तेव्हा अधिकच स्पष्ट दिसते. म्हणून चेहरा ओळखू येत नसतानाही ते नाव घरच्यांना ओळखता आले. पोलिसांच्या छायाचित्रात शर्वरीला तेच नाव, तेच वळण, तीच जाडी दिसते आणि अनुस्वार पहिल्या दिवशीच्या जागी दिसतो. हात सुभाषचा नाही. कोणीतरी तिच्या छायाचित्रावरून दुसऱ्याच माणसाच्या हातावर ते नाव उतरवले आहे.

इथे मला एका शंकेने चार दिवस झोपू दिले नाही. मृत त्वचा भरून येत नाही. जुन्यासारखे दिसणारे गोंदण माणूस जिवंत असतानाच, निदान काही आठवडे आधी, काढलेले असले पाहिजे. मग दुसऱ्याच्या आईचे नाव कोणी आपल्या हातावर आनंदाने कसे गोंदवून घेईल? उत्तर सापडले तेव्हा मी वही मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. त्या मुलाच्याही आईचे नाव शांता आहे, आणि त्याच कारणासाठी त्याची निवड झाली आहे.

या मुलाला आधीच्या आराखड्यात नावही नव्हते; आता तो पंकज आहे, माण तालुक्यातल्या कोरडवाहू गावातला. यशवंतच्या मैदानावर तो दोन वर्षे पळाला होता. 2020 ते 2022 या काळात करोनामुळे सैन्यभरती रखडली, नंतर जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली आणि त्या वर्षापुरती वयोमर्यादा 23 पर्यंत वाढवण्यात आली. पंकज त्या शेवटच्या संधीला उतरला. 1600 मीटर 5 मिनिटे 30 सेकंदांत पळणाऱ्याला पूर्ण 60 गुण मिळत आणि 5 मिनिटे 45 सेकंदांनंतर येणारा बाहेर जात असे. पंकज तीन सेकंदांनी बाहेर गेला. अशा मुलाला ‘माझी आत ओळख आहे’ असे सांगून पैसे उकळणारे दलाल आपल्या भागात पुन्हा पुन्हा निघतात, आणि खोटी नियुक्तिपत्रे हाती घेऊन बसलेली मुले आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. माझ्या कथेतला दलाल पंकजला सांगतो की फौजी माणसाच्या हातावर आईचे नाव असतेच, आणि ते हाताच्या आतल्या बाजूला चालते.

दलालाच्या बोलण्यातला दुसरा भाग खरा आहे. भरतीच्या नियमांनुसार कायमचे गोंदण हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या पाठीमागच्या बाजूला असलेले चालते. इतर ठिकाणचे चालत नाही. परंपरेने गोंदवणाऱ्या आदिवासी समाजांना यात सवलत आहे. हा नियम मला आधी एका वाक्यापुरता हवा होता, पण आता कथेतल्या दोन गाठी त्यावर बसल्या आहेत.

दुसरी गाठ त्या दलालाचीच. तो 27 वर्षांचा असून आपण 2017 मध्ये भरती झालो आणि दुखापतीमुळे घरी आलो असे सांगत फिरतो. त्याच्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला तलवारीचे गोंदण आहे आणि ते आपण घरी आल्यावर गोंदवून घेतले असे तो म्हणतो. शर्वरीला दिसते की त्या रेषा पसरलेल्या आहेत, काळा रंग हिरवट-निळा पडला आहे, आणि असे गोंदण दहा वर्षांपेक्षा जुने असावे. ती अंदाज सांगते, खात्री देत नाही. उन्हात वावरणाऱ्याची शाई लवकर उतरते हेही ती सांगते. यशवंत हिशेब करतो की दहा वर्षे म्हणजे भरतीच्या आधी, आणि दंडावर तलवार असलेला मुलगा वैद्यकीय तपासणीतच थांबवला गेला असता. शर्वरीला नियम माहीत नाही आणि यशवंतला शाईचे वय कळत नाही. हे संभाषण मी तेराव्या प्रकरणाच्या मध्यभागी ठेवले आहे, आणि ती दोघे एकमेकांची होतात ती माझ्या दृष्टीने इथेच, पुढच्या कुठल्याही मिठीपेक्षा आधी.

तेराव्या प्रकरणाचा जुना मसुदा ज्यांनी वाचला आहे, त्यांना आठवत असेल की त्यात शर्वरी यशवंतच्या खांद्यावरच्या जखमेच्या व्रणावरून बोट फिरवते आणि तिचे डोळे भरून येतात. तो परिच्छेद गेला. कोल्हापुरात मी पाहिले की कलावंत माणसाच्या अंगाला हात लावण्यापूर्वी दर वेळी सांगतो, डाव्या हाताने त्वचा ताणून धरतो आणि समोरच्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवून सुई उचलतो. या कामात स्पर्शाला शिस्त आहे, आणि शिस्तीने केलेला स्पर्श यशवंतसारख्या माणसाला लगेच समजेल. शिवाय व्रणाच्या जागी शाई सारखी बसत नाही, वर्षभर तरी व्रण जुना होऊ द्यावा लागतो आणि उंचवटा वाढणाऱ्या व्रणावर शहाणा कलावंत काम घेतच नाही. म्हणून नव्या मसुद्यात यशवंत खांद्यावरच्या व्रणावर सुभाषचे नाव गोंदवायला येतो आणि शर्वरी नकार देते. तिने दिलेली कारणे तो नीट ऐकून घेतो, मग हात पुढे करतो. त्यातला एक तुकडा इथे देते.

“मेजर, हात सैल सोडा. त्वचा ताणून धरते आता.”

“मी हवालदार आहे, मॅडम. मेजर नाही.”

“अख्खा सातारा तुम्हाला मेजर म्हणतो.”

“त्यांना सवय झालीय. तुम्ही लावून घेऊ नका.”

“बरं. हवालदारसाहेब, श्वास रोखू नका. हाताला कळतं मला.”

आमच्याकडे गावोगाव कुठल्याही फौजी माणसाला मेजर म्हणतात. ज्या तालुक्यातल्या अपशिंगे गावाच्या नावातच मिलिटरी आहे तिथे तर हे संबोधन रोजचेच. यशवंत ते स्वीकारत नाही, यातून त्याचा स्वभाव मला पानभर वर्णनापेक्षा चांगला दाखवता आला.

‘तुम्ही’ वरून ‘तू’ वर कधी यायचे, हा प्रश्न मी दोन नोंदींपूर्वी विचारला होता. तुमच्यापैकी बहुतेकांनी दहाव्या प्रकरणाच्या आसपास असे सुचवले होते, पण मी तो क्षण एकविसाव्या प्रकरणापर्यंत लांबवला आहे. बामणोलीच्या धक्क्यावर, अंधारात, लाँचचा आवाज जवळ येत असताना यशवंतच्या तोंडून “तू मागे थांब” असे निघून जाते. शर्वरी थांबते, पण उत्तर ‘तुम्ही’नेच देते. मराठीत प्रेमकथा लिहिताना हे साधन आपल्या हाती आहे, ते घाईने खर्च करू नये असे मला मनापासून वाटते.

शर्वरीच्या आजीचा भाग अजून कच्चा आहे. आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे, हातावर तुळशीवृंदावन आहे, आणि मेल्यावर सगळे इथेच राहते, गोंदण तेवढे सोबत येते, ही तिची श्रद्धा आहे. दिव्याच्या काजळीने गोंदलेली ती टिंबे साठ वर्षांनंतरही जागची हललेली नाहीत. 2018 मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की शाई धरून ठेवणाऱ्या पेशी मरतात तेव्हा मोकळी झालेली शाई नव्या पेशी पुन्हा धरतात, आणि म्हणून गोंदण टिकते. शर्वरी हे आजीला सांगते असा प्रसंग मी लिहिला होता, पण तो व्याख्यानासारखा झाला. आता आजी फक्त छायाचित्र पाहते आणि म्हणते, “टिंब हललंय बाई.” शर्वरीच्या नजरेतून सुटलेली गोष्ट तिला दिसते. पुरावा पहिल्यांदा आजीच्या तोंडून यावा की शर्वरीला स्वतःला दिसावा, याबद्दल मी अजून दोन मनांत आहे. आजीच्या बाजूने माझा कल आहे, पण त्यामुळे नायिकेचे कौशल्य उणे दिसू लागते. दोन्ही मसुदे वाचायला कोणी तयार असेल तर मला ते हवे आहे.

हिशेब असा : 47,000 शब्द शिल्लक, 26 पैकी 17 प्रकरणे पक्की, अठरावे नव्याने लिहायचे. त्यात यशवंत आणि शर्वरी एस.टी.ने म्हसवडच्या पुढे पंकजच्या गावी जातात. त्याची आई समजून आहे की मुलगा बेळगावला प्रशिक्षणात आहे आणि तिथे फोन वापरू देत नाहीत. तिला कोण सांगणार, हे मी आतापर्यंत यशवंतवर सोपवले होते, कारण मृत्यूची बातमी घरी नेण्याचा प्रसंग त्याच्यावर पूर्वी एकदा आलेला आहे. परवा लिहायला बसले तेव्हा ती आई दारातच शर्वरीचा हात धरून “माझ्या नावाचं काहीतरी काढलंय म्हणे त्यानं हातावर, कसं दिसतं?” असे विचारू लागली. यशवंत उंबऱ्याबाहेर उभा आहे आणि उत्तर शर्वरीलाच द्यायचे आहे. येत्या रविवारी तिथून पुढे लिहायला घेते.