तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लोरिनची शेपटी कशासाठी?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधल्या प्रयोगशाळांतले सहकारी मला हमखास विचारतात, की मिश्रणातले घटक वेगळे करणारा सिलिकाचा साधा कॉलम हाताशी असताना अभिकारकाला ही महागडी फ्लोरिनची शेपटी, म्हणजे फ्लोरिनने भरलेली कार्बनची साखळी, कशाला लावता? अलीकडे त्याला दुसरा प्रश्न जोडला जातो, की कधीही न विघटणारी रसायने गोदावरीकाठी वापरावीतच का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे ठामपणे आहे.

मित्सुनोबू, म्हणजे फॉस्फिन आणि अझोडायकार्बोक्सिलेट वापरून अल्कोहोल आणि आम्ल यांचा एस्टर करण्याची अभिक्रिया, केलेल्या कोणालाही तिच्यात फॉस्फिनपासून मागे उरणाऱ्या ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइडचा त्रास समजावून सांगावा लागत नाही. आमचा एस्टर तेलकट होता, स्फटिक धरायचे नाव घेत नव्हता, आणि त्यातला ॲसिटल हा गट इतका नाजूक होता, की सिलिकावर जरा रेंगाळला तरी तुटू लागे. ऑक्साइड टीएलसीवर, म्हणजे घटक तपासायच्या सिलिकाच्या पट्टीवर, लांब ओघळ ओढत नेमका त्याला चिकटूनच वर चढे. आम्ही हेक्झेन-ईथरमध्ये थंड करून जेवढे खाली बसले तेवढे गाळले, विलायकांचे प्रमाण बदलले, बारीक सिलिका वापरली. तरी फॉस्फरसची संयुगे दाखवणाऱ्या एनएमआर चाचणीत 29 पीपीएमच्या आसपासचा ऑक्साइडचा पीक जागचा हलला नाही. प्रत्येक कॉलमनंतर माल किंचित शुद्ध होई आणि बराच कमी होई. अखेर तो पुढच्या पायरीला पुरेल एवढाही उरला नाही, आणि कित्येक महिन्यांचे संश्लेषण तिथेच थांबले. ‘कॉलमला हात बसलेला नाही,’ हा तेव्हा मिळालेला शेरा मला अजून सलतो, कारण दोष हाताचा नव्हता. ध्रुवीयतेवर चालणाऱ्या पद्धतीने जवळजवळ सारखेच वागणारे दोन रेणू वेगळे करायला आम्ही बसलो होतो.

पुन्हा सुरुवातीपासून माल केला, तेव्हा फॉस्फिन आणि अझोडायकार्बोक्सिलेट या दोन्हींना परफ्लोरो शेपटी होती. मिश्रण थोड्याशा डीएमएफ या विलायकात विरघळवून फ्लोरस सिलिकाच्या, म्हणजे तशाच फ्लोरिनच्या साखळ्या जडवलेल्या सिलिकाच्या, कार्ट्रिजवर चढवले आणि 80:20 मेथनॉल-पाण्याने धुतले. एस्टर खाली उतरला, शेपटीवाले सगळे वरच अडकून राहिले, आणि टीएचएफ हे दुसरे विलायक ओतल्यावरच सुटले. एनएमआरमध्ये 29 च्या आसपास सपाट रेघ होती. इथे रेणूचा बाकीचा भाग कसा आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. शेपटी आहे की नाही, एवढेच कार्ट्रिज पाहते.

दुसऱ्या प्रश्नाला मी पूर्वी तावातावाने उत्तर देत असे. 1994 मध्ये रसायनशास्त्रज्ञ होरवाथ आणि राबाई यांनी फ्लोरस, म्हणजे फ्लोरिनयुक्त द्रवाच्या, थरातून उत्प्रेरक परत मिळवून दाखवला, पुढे पिट्सबर्गच्या डेनिस करन यांनी कमी फ्लोरिनच्या शेपट्यांवर काम भागवले, मग हे रसायनशास्त्र हरितच नव्हे काय, असे मी म्हणे. त्या वेळच्या मला आज विचारावेसे वाटते, की परत मिळालेल्या फॉस्फिन ऑक्साइडचे पुन्हा फॉस्फिन करण्याची तसदी किती जण घेतात? पीएफओए हे आठ कार्बनांचे फ्लोरिनयुक्त आम्ल 2019 मध्ये चिवट प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेल्यावर मी आठ कार्बनांवरून सहावर आलो आणि निश्चिंत झालो. 2022 मध्ये सहा कार्बनांचे परफ्लोरो सल्फोनिक आम्लही त्याच यादीत आले. आमची शेपटी म्हणजे ते आम्ल नव्हे, हा युक्तिवाद खरा आहे, पण कार्बन-फ्लोरिन बंध दोन्हीकडे तितकाच चिवट आहे.

म्हणून आता कॉलम खरोखर हरतो अशाच ठिकाणी, तेही ग्रॅमच्या मापात, मी शेपटी लावतो, आणि टीएचएफचे धुवण वेगळ्या पिंपात, ‘फ्लोरिनयुक्त’ अशी चिठ्ठी लावून, जाळण्यासाठी पाठवतो. तेवढ्याने दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होते, असे मी म्हणणार नाही. पण म्हणून पहिल्याचे उत्तर मागे घ्यायलाही मी तयार नाही.