परमिटवाले काका

5 डिसेंबरला शिकागोतल्या आमच्या बारमध्ये पाय ठेवायला जागा नसते. 1933 साली याच तारखेला बंदी उठवायला लागणारं 36वं राज्य, यूटा, मान्यता देऊन मोकळं झालं आणि अमेरिकेतली जवळजवळ 14 वर्षांची दारूबंदी उठली. त्या रात्री आमच्याकडे फक्त त्या काळातली कॉकटेल्स. लोक डोक्याला पिसं लावून येतात, फोटो काढतात. मला त्या पिसांचा जरा कंटाळाच आहे.

गेल्या वर्षी ऐन गर्दीत एक वयस्कर गृहस्थ मुलीबरोबर काउंटरपाशी येऊन बसले. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून थेट मराठीत म्हणाले, "कुठली गं तू?"

"डोंबिवली. काय देऊ, काका?"

"वास येणार नाही असं काहीतरी दे."

मुलगी ओशाळली. मला मात्र ती फर्माईश एकदम पटली, कारण बीज नीज नावाचं कॉकटेल नेमकं त्याच कामाचं. तेव्हा चोरून मिळणारी जिन म्हणजे बऱ्याचदा कारखान्यातलं स्पिरिट, त्यात जिनला तिचा वास देणाऱ्या जुनिपर फळांचं तेल आणि थोडं ग्लिसरीन. पिऊ नये म्हणून सरकारनं त्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल घालायला लावलं, तरी लोक प्यायले आणि मेले. ती चव आणि वास झाकायला मध आणि लिंबू कामी यायचं.

मध नुसता ओतला तर बर्फाला लागताच गोळा होतो. म्हणून आधी तो तेवढ्याच कोमट पाण्यात विरघळवून ठेवायचा. 60 मिली जिन, 20 मिली ताज्या लिंबाचा रस, 20 मिली मधाचं पाणी. शेकर बर्फानं भरून हाताला गारठा जाणवेपर्यंत जोरात हलवायचं आणि दोन गाळण्यांमधून थंड ग्लासात ओतायचं. बर्फाची कणी ग्लासात उतरलेली मला खपत नाही.

काकांनी घोट घेतला. "आमच्या गिरगावात हे असतं तर वडलांना वेलची चघळत घरी यावं लागलं नसतं."

मग मोरारजीभाईंच्या दारूबंदीच्या काळातली मुंबई निघाली. वडलांकडे परमिट होतं, प्रकृतीच्या कारणावरचं. शेजाऱ्यांकडे नव्हतं, त्यांची धाव हातभट्टीकडे. काळा गूळ, नवसागर. मी शेकर धुता धुता सांगितलं, इथंही तसंच होतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की मिळायची, दहा दिवसांत एक पाइंट, म्हणजे साधारण अर्धा लिटर. काका इतक्या मोठ्यानं हसले की शेजारची पिसंवाली वळून बघायला लागली. महाराष्ट्रात प्यायला अजूनही कागदोपत्री परमिट लागतं, हे सांगितल्यावर तिला ती थापच वाटली.

"पण मग हे सगळं इथलंच?" काकांनी मेन्यूवर बोट ठेवलं.

नाही, आणि हेच मी गिऱ्हाइकांना सांगत असते. दारूबंदी आली तशी बारवाल्यांची रोजीरोटी गेली. हॅरी क्रॅडॉक लंडनला गेला, सॅव्हॉय हॉटेलात नावारूपाला आला. मेरी पिकफर्ड हे रम-अननसाचं कॉकटेल हवानाचं. 'दारूबंदीची कॉकटेल्स' म्हणून आम्ही जी विकतो त्यातली कितीतरी, जिथं बंदी नव्हती तिथं चांगल्या दारूत घडली. मालकाला हे मोठ्यानं बोललेलं आवडत नाही.

काकांनी दुसरी बीज नीज मागितली. "मध वाढव."

"जिन चांगली आहे काका, जास्त मधानं तिचा स्वाद मरेल."

"मरू दे. लपवलेली दारू कशी लागायची ते बघायचंय."

मी 10 मिली वाढवलं. काकांनी अर्धा ग्लास संपवला, तोंड वाकडं केलं आणि उरलेला मुलीकडे सरकवून माझ्याकडे साधी व्हिस्की मागितली, पाणी घालून. तोवर पलीकडच्या टेबलाची साइडकार कॉकटेलची ऑर्डर तुंबली होती आणि मॅनेजर डोळे वटारत होता.