नाशिकच्या द्राक्षबागेत केबिनचा मुक्काम ठरवताना

वाईनरी बघायची आणि शेजारीच लाकडी केबिनमध्ये दोन रात्री राहायचं, असा बेत असेल तर केबिन शोधायच्या आधी बागेचं वेळापत्रक बघा. सुट्टी बघून तारीख धरली आणि एप्रिलमध्ये पोचलात, तर तारांवर नुसते उघडे ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, दिसतात. द्राक्षाची वेल इथे वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी. घड लागतात ते या दुसऱ्या छाटणीनंतर. वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च चालते. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीकडचं हिरवंगार दृश्य सुंदर असतं, पण तेव्हा बागेत एकही घड नसतो आणि लाकडी केबिनमध्ये गादीपासून टॉवेलपर्यंत सगळं दमट लागतं. म्हणून माझा कौल जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर. त्यातही शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवार धरा. केबिन स्वस्त मिळते आणि टेस्टिंगच्या टेबलावर माहिती सांगणाऱ्या माणसाला तुमच्याशी बोलायला वेळ असतो.

तारीख धरताना एक सापळा ओळखून ठेवा. 26 जानेवारीला जोडून आलेली मोठी सुट्टी ऐन हंगामात पडते, आणि त्या दिवशी ड्राय डे असतो. बाग दिसेल, टाक्या दिसतील, पण चव घेता येणार नाही. निवडणुका असतील तर मतदानाच्या आधीचे दोन दिवसही तपासा. महाशिवरात्रीला त्र्यंबक रस्त्यावर भाविकांची गर्दी असते, तेव्हा त्या बाजूची केबिन घेऊ नका.

आता जागा. ही निवड नीट जमली की निम्मं काम झालं. नाशिकच्या वाईनरी एका ओळीत नाहीत. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा जवळजवळ आहेत. इगतपुरी तालुक्यात संजेगाव-कावनई पट्ट्यात ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोने आहेत. शँडन दिंडोरीत. तिन्ही पट्टे एका दिवसात करू म्हटलं तर दिवस गाडीतच जातो. दोन रात्री असतील तर एकच पट्टा धरा. मुंबईकरांना इगतपुरी जवळ आणि शांत पडतं. रेल्वेने येणाऱ्यांना गंगापूर सोयीचं, पण नाशिक रोड स्टेशनपासून धरणाची बाजू 20-25 किलोमीटर आहे, रिक्षा-टॅक्सीचा खर्च आधीच धरा.

एकाच पट्ट्यात का राहायचं, त्याचा हिशोब मांडून बघा. टेस्टिंगमध्ये 30 मिलीचे सहा घोट म्हणजे 180 मिली वाईन. 12.5 टक्के धरले तर त्यात साधारण 18 ग्रॅम अल्कोहोल. 60 किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात ते 100 मिलीमागे 40 मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकतं, स्त्रीच्या रक्तात त्याहून जास्त. कायद्याची मर्यादा 30 आहे. म्हणजे एकाच टेस्टिंगनंतर, डोकं अगदी ताळ्यावर असलं तरी, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. केबिन चालत जाण्याजोगी हवी, नाहीतर गटातला एकजण न पिणारा हवा, किंवा टॅक्सी दिवसभरासाठी ठरवलेली हवी. टेबलावर थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, ते वापरायला लाजू नका. चव घेणारे जाणकारही तेच करतात. आणि रिकाम्या पोटी जाऊ नका. वाईनसाठी वयाची अट 21 आहे, ओळखपत्र जवळ ठेवा.

केबिन ठरवताना मालकाला तीन प्रश्न फोनवरच विचारा. पहिला, 16 अँपिअरचा सॉकेट किती? बऱ्याच केबिनमध्ये तो एकच असतो आणि त्यावर गीझर असतो. 2000 वॉटचा हीटर आणि 1500 वॉटची किटली एकाच वेळी लावली की एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारं बटण) पडू शकते आणि रात्री अकराला टॉर्च घेऊन माणूस शोधावा लागतो. दुसरा, वीज गेली तर इन्व्हर्टरवर काय चालतं? बहुतेक ठिकाणी दिवे आणि पंखा, बाकी काही नाही. तिसरा, जमीन सपाट आहे की केबिन खांबांवर उचललेली आहे? उचललेली असेल तर फळ्यांखालून वारा वाहतो आणि थंडी खालून येते. अशा वेळी अंगावर दोन रग घेऊनही कुडकुडायला होतं. एक रग गादीवर, अंगाखाली घाला, लगेच फरक पडतो. जानेवारीत नाशिकला रात्री पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, बॅकवॉटरजवळ दवही पडतं. कानटोपी, मोजे आणि प्रत्येकी दोन रग ही किमान तयारी.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. कोळशाची शेगडी विझत आली, निखारे उबदार आहेत, म्हणून ती केबिनमध्ये ओढून घ्यायची नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, आणि दारं-खिडक्या लावलेल्या छोट्या खोलीत झोपेतच माणसं दगावतात. शेगडी बाहेर, पाणी ओतून पूर्ण विझवलेली, आणि राख सकाळपर्यंत तिथेच.

शेगडीसाठी चार जणांना 2 किलो कोळसा पुरतो. त्यावर काय भाजायचं हे वाईनशी जुळवून ठरवा. झणझणीत मसाला आणि तुरट लाल वाईन एकत्र आली की तिखट जास्त झोंबतं. मिसळ किंवा काळ्या मसाल्याचं चिकन असेल तर जराशी गोडसर चेनिन ब्लां (पांढरी वाईन) घ्या. लाल शिराझ ठेवा कमी तिखट मटणासाठी. हुरड्याचा हंगामही याच दिवसांत असतो; मिळाला तर लसणाची चटणी बेताने घ्या आणि सोबत थंड सोव्हिन्यों ब्लां, ही पण पांढरी.

पांढरी वाईन 8-10 अंशांवर छान लागते, पण केबिनचा छोटा फ्रिज चार बाटल्या लवकर गार करत नाही. बादलीत 5 किलो बर्फ, बाटल्यांच्या मानेपर्यंत पाणी आणि मूठभर जाडं मीठ घाला. 20 मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते, म्हणून वेळ लागतो. लाल वाईनसाठी ओलं गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवलं तरी पुरे, कारण फेब्रुवारीची हवा कोरडी असते आणि माठासारखाच गारवा मिळतो.

काढणीचे दिवस असतील तर पहाटे उठा. घड हाताने, कात्रीने कापून क्रेटमध्ये भरतात आणि ऊन चढायच्या आत वाईनरीत पोचवतात, कारण तापलेल्या मण्यांमधून रस सुटला की नको ते आंबणं सुरू होतं. परवानगी घेऊन एक मणी हातात घ्या. खाण्याच्या थॉमसनपेक्षा तो लहान, साल जाड, आणि आत बिया. बी बाहेर काढून रंग बघा: हिरवट असेल तर अजून कच्चा, तपकिरी असेल आणि चावल्यावर कुरकुरीत तुटली तर पिकलेला. रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजतो, साधारण 22-24 ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) तोड होते, पण बी आणि साल चावून बघणारी माणसं अजूनही बागेत असतात. न विचारता घड तोडून खाऊ नका. फवारणी कधी झाली ते तुम्हाला ठाऊक नसतं आणि ते कुणाचं तरी वर्षभराचं पीक आहे. फवारणीचा ट्रॅक्टर येताना दिसला तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला सरका.

परतीच्या दिवशी बाटल्या सगळ्यात शेवटी विकत घ्या. उन्हात बंद उभी राहिलेली गाडी 45 अंशांच्या वर सहज तापते, वाईन फुगून बूच वर सरकतं आणि चव शिजल्यासारखी होते. वाटेत जेवायला थांबणार असाल तर बाटल्या ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा आणि गाडी सावलीत लावा. सुरत-वापीकडे जाणाऱ्यांनी घेऊच नयेत. गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि सीमेवर गाड्या तपासतात.