हरलेली टीम यंदा उठेल का?

ऑगस्ट लागला की हा प्रश्न येतोच. गणपतीच्या तयारीच्या मीटिंगमध्ये येतो, ऑफिसच्या पार्किंगमध्ये येतो, पुण्या-सांगलीहून व्हॉट्सअ‍ॅपवरही येतो. मुलगा किंवा मुलगी इथे अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली असते, पाठोपाठ अख्ख्या घराला अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलेलं असतं, आणि नेमकी त्या कॉलेजची टीम गेल्या सीझनला १२ पैकी ४-५ सामने जिंकून घरी बसलेली असते. मग विचारणा होते, "तुम्ही इतकी वर्षं बघताय. खरं सांगा, आमची टीम यंदा वर येईल का?"

मी उलट एकच विचारतो. तुमच्या लाइनमधले किती जण परत येतायत?

बहुतेकांना हे माहीत नसतं. क्वार्टरबॅकचं, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणाऱ्याचं, नाव पाठ असतं, नव्या कोचचा पगारही पाठ असतो. लाइनमधल्या पोरांची नावं टीव्हीवर घेतली जातात ती एकतर कुणी चूक केली म्हणून, नाहीतर कुणाला दुखापत झाली म्हणून. लाइन म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढ्यात ओणवे उभे राहणारे पाच जण, एकेक जण १३५-१४० किलोचा, आणि त्यांच्यासमोर तसलेच दांडगे तिघे-चौघे. मधला गडी बॉल मागे देतो, तेवढाच काय तो या पाचांचा बॉलशी संबंध. बाकी सगळा रेटा. समोरच्याला मागे ढकलायचं आणि वाट मोकळी करून द्यायची.

मी शाळेत कबड्डी खेळलोय. टाळ्या पडायच्या चढाई करणाऱ्याला, पण सामना फिरायचा पकडीवर. साखळीतले दोघं एकाच क्षणी उठले तर पकड बसायची, एक जण निमिषभर उशिरा उठला तर चढाईवाला रेषेला हात लावून मोकळा. हे एका उन्हाळ्यात घोटून जमत नाही. शेजारी कोण उभा आहे आणि तो कधी हलतो हे अंगात मुरावं लागतं. लाइनचं अगदी तसंच आहे. म्हणून मी आधी लाइन विचारतो.

मला हे पटलं ते २०२१ मध्ये. मी अ‍ॅन आर्बरपासून अर्ध्या तासावर राहतो, आणि माझी मुलगी तेव्हा युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये होती. आदल्या वर्षी करोनामुळे बिग टेन कॉन्फरन्सनं, म्हणजे मिशिगन ज्या गटात खेळतं त्यानं, ऑगस्टमध्ये आख्खा सीझन पुढे ढकलला, मग ऑक्टोबरअखेर रिकाम्या स्टेडियममध्ये सामने सुरू केले. मिशिगननं पहिल्याच सामन्यात मिनेसोटाला ४९-२४ असं लोळवलं, आम्ही खूश. पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावर मिशिगन स्टेटनं २७-२४ हरवलं. त्यानंतर इंडियाना, ज्यांच्याकडून मिशिगन १९८७ नंतर हरलेलं नव्हतं, त्यांनी ३८-२१. विस्कॉन्सिननं तर घरी येऊन ४९-११. सहा सामने, दोन विजय. ओहायो स्टेटशी होणारा वर्षातला सर्वांत मोठा सामना करोनामुळे झालाच नाही. झाला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करायचीही कुणाची तयारी नव्हती.

जानेवारीत कोच जिम हारबॉ यांचा करार वाढवला, पण वर्षाचे सुमारे ८० लाख डॉलर होते त्याचे ४० लाख करून. २०२१ चा सीझन सुरू होण्याआधी देशातल्या पहिल्या २५ टीमच्या यादीत मिशिगनचं नाव नव्हतं.

यादी करणाऱ्यांनी गेल्या वर्षीचे आकडे पाहिले होते. परत येणाऱ्यांची नावं पाहिली असती तर थोडं वेगळं दिसलं असतं. करोनामुळे सगळ्या खेळाडूंना खेळायला एक वर्ष जास्तीचं मिळालं होतं. लाइनच्या मध्यभागी उभा राहणारा अँड्र्यू वास्टार्डिस ते घेऊन कॉलेजातल्या सहाव्या वर्षासाठी परत आला. २०२० मध्ये जायबंदी झालेला रायन हेज बरा झाला होता. स्टूबर, किगन, झिंटर हे तिघंही होते. पलीकडे डिफेन्सच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अडवणाऱ्या, लाइनवर एडन हचिन्सन. आदल्या वर्षी तिसऱ्या सामन्यात त्याचा पाय मोडला होता, तरी त्याला एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, जाता आलं असतं. तो थांबला. कोचिंग स्टाफ बदलला. एनएफएलच्याच बाल्टिमोर रेव्हन्समधून माइक मॅकडोनल्ड हा ३३ वर्षांचा तरुण डिफेन्सचा प्रमुख म्हणून आला. आणि सरावात एक नवा व्यायाम आला, त्याचं नावच 'बीट ओहायो'. पास टाकायचा नाही, नुसतं धावायचं, आणि दोन्हीकडच्या लाइननी एकमेकींना रेटायचं. ओहायो स्टेटकडून आम्ही २०१२ पासून सलग आठ वेळा हरलो होतो. तो हिशोब कुठे फिटणार हे कोचना नीट कळलं होतं, असं मला वाटतं.

२७ नोव्हेंबर २०२१. दुपारी बाराचा सामना, वरून बर्फाची भुरभुर, स्टेडियममध्ये एक लाख अकरा हजारांवर माणसं. मुलगी विद्यार्थ्यांच्या गर्दीत, मी दक्षिण टोकाला वरच्या रांगेत, अ‍ॅल्युमिनियमच्या बाकावर घडी केलेलं ब्लँकेट टाकून बसलेलो. मध्यंतराला १४-१३, आम्ही एका गुणानं पुढे. माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते. त्यांच्या हातात छोटी वही आणि पेन्सिलीचा तुकडा. हातमोजा दातात धरून काढायचे, प्रत्येक धावेत बॉल किती यार्ड पुढे गेला ते लिहायचे, परत हातमोजा चढवायचे. चार. सहा. पाच. सात. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांनी वही माझ्यापुढे धरली, बोलले काहीच नाहीत.

तेव्हा मी बॉलकडे बघणं सोडलं आणि पायांकडे बघायला लागलो. बॉल उचलला की निळ्या जर्सीतले पाचही जण एकदम डावीकडे किंवा एकदम उजवीकडे, पाच जणांचं पहिलं पाऊल एकच. समोरचा पांढऱ्या जर्सीतला गडी एक पाऊल मागे, मग दुसरं पाऊल मागे, मग त्याचा खांदा वळायचा. खांदा वळला की संपलं. त्या फटीतून हसन हॅस्किन्स घुसायचा, आणि त्याला धरल्यावरसुद्धा सगळा घोळका दोन-तीन यार्ड पुढेच सरकायचा. चौथ्या क्वार्टरपर्यंत पांढऱ्या जर्सीवाले दोन खेळांच्या मधे कमरेवर हात ठेवून उभे राहू लागले होते. उत्तरार्धात हॅस्किन्सचे चार टचडाउन, म्हणजे चारदा बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला, दिवसभरात पाच. मिशिगनची एकूण धाव २९७ यार्ड. पलीकडे हचिन्सननं त्यांच्या क्वार्टरबॅकला तीनदा लोळवलं. ४२-२७.

सगळं स्टेडियम मैदानात उतरलं. फोन लागत नव्हते. तासाभरानं मुलगी सापडली, आवाज पार बसलेला, केसांत बर्फ. तिनं मला मिठी मारली आणि रडली. मीही.

पुढच्या आठवड्यात आयोवाला ४२-३ हरवून बिग टेनचं विजेतेपद. शेवटी जॉर्जियाकडून ३४-११ हार झाली, पण २-४ (दोन विजय, चार हार) वरून १२-२. देशातल्या सर्वोत्तम लाइनला मिळणारा 'जो मूर' पुरस्कार त्या वर्षी याच पाच जणांना मिळाला.

आता तुम्ही म्हणाल, एकाच टीमवरून सांगताय. मग नेब्रास्का युनिव्हर्सिटीची टीम घ्या. २०२१ मध्ये ते ३-९ होते, पण नऊच्या नऊ सामने नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेले. सगळे म्हणत होते, इतक्या थोडक्यात हरणारी टीम पुढच्या वर्षी उसळी घेणारच, नशीब एवढं वाईट दरवर्षी नसतं. हे म्हणणं निम्मं खरं आहे. निसटलेला बॉल कुणाकडे घरंगळेल हे खरंच नशीब असतं. पण लाइनच्या मध्यभागी उभा राहणारा कॅम जर्गन्स एनएफएलच्या फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला आणि क्वार्टरबॅक दुसऱ्या कॉलेजला. २०२२ चा पहिला सामना डब्लिनमध्ये, नॉर्थवेस्टर्नशी. ११ गुणांनी पुढे असताना ३१-२८ हरले. दोन आठवड्यांनी कोच स्कॉट फ्रॉस्ट यांना काढलं. सीझन ४-८. थोडक्यात हरणं हीसुद्धा सवय असू शकते, हे मी तिथे शिकलो. तुमची टीम "जवळजवळ जिंकलेली" असेल तर तेवढ्यावर विसंबू नका.

आणि इंडियाना. हे उदाहरण मला अलीकडे सतत द्यावं लागतं, कारण आता ट्रान्स्फर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) पोरं एका वर्षात कॉलेज बदलतात आणि एक सीझन बाहेर न बसता लगेच खेळतात. त्यामुळे "परत कोण येतंय" हा प्रश्नच जुना झाला, असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. २०२३ मध्ये इंडियाना ३-९. कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीतून कोच म्हणून आले आणि येताना तिथले १३ खेळाडू घेऊन आले. मिकाइल कमारा आणि जेम्स कार्पेंटर हे डिफेन्सच्या लाइनवरचे दोघं त्यातलेच. म्हणजे पोरं इंडियानाला नवी होती, पण एकमेकांना नवी नव्हती, कोचला नवी नव्हती. पहिल्याच वर्षी ११-२, आणि २०२५ च्या सीझनमध्ये १६ पैकी १६ जिंकून राष्ट्रीय विजेतेपद. शंभर वर्षांहून जास्त काळ हरत आलेली टीम! पोर्टलमधून पैसे टाकून बारा गावचे बारा जण गोळा करणाऱ्या टीम मात्र नोव्हेंबरपर्यंत एकमेकांच्या पायांत अडखळताना मी पाहिल्यात.

तर तुमच्या मुलाच्या टीमचं विचारलंत म्हणून सांगतो. कॉलेजच्या वेबसाइटवर खेळाडूंची यादी असते. रात्री जेवण झालं की मुलाला फोन लावून दोघं मिळून ती उघडा. लाइनमधले पाच शोधा. गेल्या वर्षी शेजारी-शेजारी उभे होते असे तीन तरी सापडले, तर थोडी आशा धरा. चार सापडले तर मला फोन करा, तिकिटं काढू. आणि पहिल्या शनिवारी तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, एक यार्ड हवा असेल तेव्हा बॉलकडे बघू नका. मधल्या गड्याचं पहिलं पाऊल कुठे पडतं ते बघा.