डेक्कन क्वीनचा वाढदिवस आणि रेल्वेची पोस्टकार्डे : पुण्यातील एका दिवसाचा वृत्तांत

रेल्वेविषयक चित्रकार्डे आणि टपाल तिकिटे जमवणाऱ्याने पुण्याला यायचे असेल, तर १ जूनचा मुहूर्त साधावा. १९३० साली याच तारखेला डेक्कन क्वीन सुरू झाली आणि तिचा वाढदिवस पुणे स्थानकावर केक कापून साजरा करण्याची प्रथा नियमित प्रवाशांनी व रेल्वेप्रेमींनी निष्ठेने जपली आहे. गाडी सकाळी सव्वासातला सुटत असल्याने सोहळा त्याआधीच आटोपतो. मुंबईकरांनी म्हणूनच आदल्या संध्याकाळी याच गाडीने पुण्यात उतरून मुक्काम करावा. सकाळी मुंबईहून निघणाऱ्याला हाती काहीच लागणार नाही. फलाट तिकीट आधी काढून ठेवावे आणि इंजिनाचे छायाचित्र घ्यायचे असल्यास गर्दी जमण्यापूर्वी फलाटाचे टोक गाठावे.

फलाटावर खरेदी जवळजवळ होत नाही, ओळखी मात्र होतात. यंदा एका गृहस्थांनी स्वतः छापून आणलेली कार्डे सर्वांना वाटली. त्यावर या गाडीच्या मूळच्या दोन रेकचे, म्हणजे डब्यांच्या जोडलेल्या संचांचे, रेखाचित्र होते. दोन्ही सात-सात डब्यांचे होते. एक रुपेरी रंगाचा व लाल पट्ट्यांचा, दुसरा गडद निळा व सोनेरी रेषांचा. असे कार्ड मिळाले की ते पिशवीत ठेवून घरी नेऊ नये, तर त्यावर त्याच दिवसाचा पुण्याचा शिक्का घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. कोरे कार्ड कोणालाही केव्हाही छापता येते. तारीख आणि गाव त्यावर फक्त टपालाचा शिक्काच आणतो.

स्थानकापासून साधू वासवानी चौकाजवळचे मुख्य टपाल कार्यालय पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तेथील फिलाटेली म्हणजे तिकीटसंग्राहकांसाठीच्या खिडकीवर नवी तिकिटे व विशेष आवरणे, म्हणजे खास प्रसंगी काढलेली पाकिटे, मिळतात. दोनशे रुपये भरून ठेव खाते उघडले, तर पुढची नवी तिकिटे टपालाने घरपोच येत राहतात. १ जून रविवारी आल्यास ही खिडकी बंद असते, हे पंचांगात आधीच पाहून ठेवावे. टपाल खात्याच्या पोस्टकार्डाचा आकार १४ बाय ९ सेंटिमीटर असतो. हौशी मंडळींची कार्डे बहुधा त्याहून मोठी असल्याने त्यांवर पत्राइतके, म्हणजे पाच रुपयांचे तिकीट लावणे इष्ट. शिक्का मारणाऱ्या कर्मचाऱ्याला ‘जरा हलका, तिकिटाच्या कोपऱ्यावर मारता का?’ अशी नम्र विनंती केली, तर ती सहसा मानली जाते. यंदा त्यांनी शाईच्या गादीवर शिक्का टेकवून आधी रद्दी कागदावर एकदा उमटवला, जादा शाई तिथे जिरली, आणि मग माझ्या कार्डावर तारखेचा प्रत्येक अंक स्वच्छ उठला.

दुपारी सदाशिव पेठेतील एका छोट्या सभागृहात अदलाबदलीची बैठक होती. अशा बैठकीला ‘रेल्वे’ एवढाच विषय घेऊन जाणारा माणूस बहुतेक वेळा अल्बम भरून आणि खिसा रिकामा करून परततो. विषय नेमका हवा. माझा विषय भोर घाट हा आहे. खंडाळा ते पुणे मार्ग १८५८ साली सुरू झाला आणि घाटाचा चढ १८६३ साली खुला झाल्यावर मुंबई-पुणे लोहमार्ग सलग झाला. घाटातील रिव्हर्सिंग स्टेशनवर गाडी थांबून उलट दिशेने चढ चढू लागे. १९२९च्या सुमारास विद्युतीकरणाबरोबर नवी मार्गरेषा आली आणि ते स्थानक मागे पडले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या चित्रकार्डांवर मात्र ते वारंवार दिसते. एका कार्डाची मागची बाजू अखंड होती, म्हणजे ती केवळ पत्त्यासाठी ठेवलेली होती आणि लिहिणाऱ्याने आपला मजकूर चित्राच्या कडेने, डोंगराच्या रेषेवरून वळवत नेला होता. पाठीमागे मधली रेघ नसणे हे कार्ड जुन्या काळातील असल्याचे चांगले लक्षण आहे. ब्रिटनमध्ये मजकूर व पत्ता शेजारी लिहिण्याची मुभा १९०२ साली मिळाली.

जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या प्रतीही टेबलावर होत्या. जाताना दहापट मोठे दाखवणारे भिंग न्यावे. आधुनिक ऑफसेट छपाईत निळ्या, गुलाबी, पिवळ्या व काळ्या ठिपक्यांची फुलासारखी नक्षी दिसते. जुन्या कोलोटाइप छपाईत ती नसते. विक्रेता भिंग लावू देण्यास कां-कूं करू लागला, तर पुढे भाव विचारण्यात अर्थ नाही.

तिकिटांत नवख्याने १९७६ सालच्या चार इंजिनांच्या मालिकेपासून सुरुवात करावी. त्यातील दोन रुपयांच्या तिकिटावर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे १८५३ सालचे इंजिन आहे. त्यानंतर १६ एप्रिल १९५३चे, रेल्वेच्या शताब्दीचे दोन आण्यांचे तिकीट शोधावे. ही तिकिटे सुटी मिळतात. पण शिक्क्यासह पूर्ण पाकीट मिळाले तर तेच घ्यावे. मी एका पाकिटावरील तिकीट कापून देण्याविषयी विचारताच शेजारचे आजोबा कळवळून म्हणाले, ‘अहो, पाकीटच ठेवा हो, कात्री कशाला लावता?’ त्यावर रेल्वे मेल सर्व्हिसचा (आर. एम. एस.), म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वेशी जोडलेल्या टपालसेवेचा, शिक्का होता. पुणे हे या सेवेच्या ‘बी’ विभागाचे ठिकाण असल्याने असे शिक्के इथे अजूनही सापडतात. त्यात विभागाचे अक्षर, सेटचा म्हणजे टपाल निवडणाऱ्या तुकडीचा क्रमांक आणि काही वेळा ‘इन’ किंवा ‘आउट’ असते. तिकीट कापल्यावर यातले अर्धेच उरते.

ज्यांना बैठकीचे भाव परवडत नाहीत त्यांनी बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार पाहावा. तिथे रेल्वेची कार्डे क्वचितच मिळतात, पण जुन्या पत्रव्यवहाराच्या गठ्ठ्यांत आर. एम. एस.चे शिक्के दडलेले असतात. वेळ उरल्यास मेट्रोने नळस्टॉपला उतरून रिक्षाने कोथरूडचे जोशी लघुरेल्वे संग्रहालय गाठावे. १९९८ सालापासून तिथे चालती प्रतिकृती गाडी दाखवतात. कार्डावर दिसणारी सिग्नल आणि सांध्यांची रचना तिथे प्रत्यक्ष हलताना दिसते.

जूनमध्ये वळवाची सर केव्हाही येते आणि दमट हवेत गोंदाची तिकिटे एकमेकांना चिकटतात. अप्पा बळवंत चौकातून बटर पेपरची पाकिटे घ्यावीत. स्वस्त, वास येणारे पीव्हीसीचे कव्हर मात्र टाळावे, कारण ते काही वर्षांत कार्डाच्या पृष्ठभागाला धरते. पॉलिप्रॉपिलीनचे कव्हर थोडे महाग पडले तरी तेच वापरावे. तिकिटे चिमट्यानेच उचलावीत आणि परतीच्या प्रवासात अल्बम उभा ठेवावा.