विंडिएटच्या डेकवर वीस मिनिटे

मिशिगन राज्यातील प्रेस्क आइलजवळ, ह्युरॉन सरोवराच्या तळाशी ‘कॉर्नेलिया बी. विंडिएट’ नावाचे तीन डोलकाठ्यांचे लाकडी गलबत सरळ बसलेले आहे. नोव्हेंबर १८७५ मध्ये मिलवॉकीहून बफेलोकडे गहू घेऊन निघालेले हे गलबत कोणाच्याही दृष्टीस न पडता बुडाले. ते मिशिगन सरोवरातच गेले असावे, ही समजूत शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. १९८६ मध्ये ते सापडले ते दुसऱ्याच सरोवरात, सुमारे ५६ मीटर खोलीवर. डोलकाठ्या उभ्या होत्या आणि गलबताची छोटी होडी शेजारी तळावर पडलेली होती.

मी डायव्हिंग शिकले तारकर्लीला, कोमट आणि गढूळ पाण्यात. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे जीव असे गलबत इतकी वर्षे उभे राहू देत नाहीत. ह्युरॉनच्या गोड्या पाण्यात ते जीव नाहीत आणि तळाचे तापमान ऐन ऑगस्टमध्येही ४ अंशांच्या आसपास असते, कारण गोडे पाणी त्याच तापमानाला सर्वांत जड होऊन खाली बसते. ज्या थंडीने हे गलबत जपले, तीच थंडी तिथे उतरणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त छळते.

पहिल्या दिवशी आम्ही गलबतापर्यंत पोहोचलोच नाही. टाकीतला दाबाखालचा वायू रेग्युलेटरमधून, म्हणजे तो श्वास घेण्याजोग्या दाबावर आणणाऱ्या झडपेतून, सुटताना प्रसरण पावतो आणि आणखी थंड होतो. एवढ्या गार पाण्यात त्यामुळे आत बर्फ धरून झडप उघडीच अडकू शकते. ३० मीटरवर माझ्या बाबतीत तेच झाले. तोंडात वायूचा लोंढा आला आणि बुडबुड्यांमुळे समोरचा दोरही दिसेनासा झाला. जाड हातमोज्यातल्या बोटांनी मानेमागची टाकीची उजवी चावी चाचपून बंद करीपर्यंत, आणि गळ्यातला दुसरा रेग्युलेटर तोंडात धरीपर्यंत, जोडीदाराचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता. मग त्याने अंगठा वर केला, म्हणजे ‘डाइव्ह संपली, वर चला’. त्या खुणेवर चर्चा नसते, आम्ही परतलो. उरलेला वायू मला पुरला असता, परंतु हिशेब दोघांचा असतो: एकाचा पुरवठा तुटला, तर दुसऱ्याच्या टाक्यांनी दोघांनाही २१ मीटरपर्यंत, जिथून पुढची वेगळ्या वायूची टाकी वापरता येते, आणले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी उतरलो. पाठीवर ट्रायमिक्स होते: १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम आणि उरलेला नायट्रोजन. खोलवर दाबाखाली नायट्रोजन गुंगी आणतो; या मिश्रणामुळे ५६ मीटरवरही ती गुंगी साध्या हवेवर २० मीटरला येते तेवढीच राहते. हेलियम उष्णता फार लवकर वाहून नेतो, म्हणून ड्रायसूट (अंगाला पाणी लागू न देणारा पोशाख) फुगवण्यासाठी आर्गॉनची वेगळी छोटी टाकी होती.

आधी डोलकाठी दिसली, मग तिच्या बुंध्याशी डेक. बाहेरून येऊन सरोवरात पसरलेल्या क्वागा शिंपल्यांनी बरेचसे लाकूड झाकून टाकले आहे. त्यांनी पाणी गाळून स्वच्छ केल्याने दूरवरचे दिसते हे खरे, पण तो मोबदला मला पटत नाही. मी सर्वांत जास्त वेळ थांबले ते त्या छोट्या होडीपाशी. गोठलेल्या तुषारांच्या बर्फाने जड होऊन गलबत हळूहळू खाली गेले असावे, असा अंदाज आहे. गलबतावरचे कोणीही परतले नाही. होडी मात्र मूळ गलबतापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि तिच्याकडे पाहताना दिव्याचा झोत मी नकळत खाली वळवला. आम्ही कशालाही हात लावला नाही. हा भाग आता बुडालेली जहाजे जपणाऱ्या थंडर बे राष्ट्रीय सागरी अभयारण्यात येतो आणि तिथले काही उचलणे कायद्याने गुन्हा आहे.

वीस मिनिटांनी दोराकडे वळलो. वर येण्यास त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागला, कारण शरीरात विरघळलेला वायू ठरलेल्या थांब्यांवरच बाहेर पडू द्यावा लागतो. २१ मीटरवर पन्नास टक्के ऑक्सिजनची टाकी घेतली, ६ मीटरवर शुद्ध ऑक्सिजन. वरच्या थरातले उन्हाने तापलेले पाणी लागले, तेव्हा बोटांत मुंग्या येऊ लागल्या. जोडीदाराने पाटीवर पेन्सिलीने ‘होडी?’ असे लिहून पाटी माझ्यापुढे धरली. मी मान हलवली. मग शेवटची अकरा मिनिटे आम्ही दोर धरून, खालच्या हिरव्या अंधाराकडे पाहत राहिलो.